प्रेक्षकांचाही संघ हवा

खेळाच्या मैदानावर तिकीट काढून बसणारा माणूस गिऱ्हाईक की भागीदार, या प्रश्नाचा समाजवादी चळवळीने आजवर गांभीर्याने विचार केलेला नाही. गिरणी कामगारांच्या बोनससाठी, उसाच्या भावासाठी, रेशनच्या धान्यासाठी आपण लढलो आणि ते योग्यच होते. खेळ हा मात्र फावल्या वेळचा विषय, त्यातच भांडवलदारांचा पैसा आणि चंगळवादाची झगमग, म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवली. परिणाम असा झाला की, ज्या क्षेत्रात लाखो श्रमिक तरुण आपला वेळ, पैसा आणि भावना ओततात, त्या क्षेत्रात त्यांच्या वतीने बोलणारे कोणीच उरले नाही. फुटबॉलच्या प्रेक्षकांनी संघ स्थापन करावेत आणि तिकिटांच्या दरावरून क्लबच्या मालकांशी वाटाघाटी कराव्यात, ही गोष्ट इंग्लंड-जर्मनीत आता रूढ झाली आहे. आपल्याकडेही ती व्हावी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्यात पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. त्याची कारणे येथे मांडतो.

प्रथम एक आक्षेप दूर केला पाहिजे. भाकरीचे प्रश्न उभे असताना खेळाची तिकिटे कसली घेऊन बसलात, असे काही साथी विचारतील. त्यांनी एवढेच आठवावे की, ज्या दिवशी कामगार सामना पाहायला जातो तो दिवसच मुळी कामगार चळवळीने मिळवून दिलेला आहे. इंग्लंडमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळाली. ही अर्ध्या दिवसाची सुटी पुढे इतर कामगारांत पसरली आणि शनिवारी दुपारी तीनच्या फुटबॉल सामन्याची प्रथा तिच्यातूनच रुजली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी १८९० मध्ये मिळवली. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःसाठी, ही जगभरच्या कामगारांची मागणी होती. त्यातले शेवटचे आठ तास कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता लिव्हरपूलचे उदाहरण पाहा. या क्लबचे थोर प्रशिक्षक बिल शँक्ली हे स्कॉटलंडच्या कोळसाखाणीतून आलेले आणि स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारे गृहस्थ होते. त्यांचे नाव घेऊन २००८ मध्ये तेथील पाठीराख्यांनी एक संघटना स्थापन केली आणि तिला चक्क 'युनियन' म्हटले. २०१६ च्या आरंभी क्लबच्या अमेरिकन मालकांनी नव्या प्रेक्षागारातील सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. पाठीराख्यांच्या प्रतिनिधींची बोलणी आधी चालू होती, ती फिसकटली. ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्धच्या सामन्यात सत्त्याहत्तराव्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालते झाले. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली, वाढ मागे घेतली आणि पुढची दोन वर्षे दर गोठवले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रीमियर लीगच्या सर्व क्लबांनी पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. ही मर्यादा अनेक वर्षांच्या मागणीचे फळ होती, एका दिवसाच्या निषेधाचे नव्हे.

हे प्रेक्षक यशस्वी का झाले, याचा अर्थशास्त्रीय उलगडा महत्त्वाचा आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक साधा विचार मांडला. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. साबण महाग झाला तर आपण दुसरा घेतो. क्लबचा पाठीराखा मात्र दुसरा क्लब घेत नाही. त्याची निष्ठा हीच मालकाच्या हाती सापडलेली त्याची शेंडी असते. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्यापाशी आवाज हे एकच साधन उरते, आणि एकट्याचा आवाज मैदानाच्या फाटकापलीकडे पोहोचत नाही. कामगाराने एकट्याने मालकाशी सौदा केला तर त्याचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

दुसरी बाजू अशी की, मालकाला या प्रेक्षकाची गरज वाटते त्याहून अधिक आहे. आजच्या खेळाचा मोठा पैसा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. पण ओस पडलेल्या बाकांसमोर चाललेला सामना पडद्यावर कोणाला पाहवत नाही, हे करोनाच्या काळात जगाने अनुभवले. गर्दी, घोषणा, झेंडे, गाणी हा त्या विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग आहे. म्हणजे प्रेक्षक तो माल तयार करण्यास हातभार लावतो आणि वर त्यासाठी तिकीटही भरतो. हे ध्यानात आले की तिकिटाच्या दरावरील वाटाघाटी ही मेहेरबानीची याचना राहत नाही.

आपल्या पुणे परिसरात काय घडले? बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभे राहिले. तेथे पुणे एफसी हा क्लब खेळे. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मालकांनी तो गुंडाळला. भारत एफसी एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर गेला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, त्याच्याभोवती 'ऑरेंज आर्मी' नावाची पाठीराख्यांची फळी उभी राहिली, २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये ती फ्रँचाइझी उचलून हैदराबादला नेण्यात आली. तेथूनही ती २०२५ मध्ये दिल्लीला गेली. क्रिकेटमध्येही पुण्याचे दोन आयपीएल संघ आले आणि विरले. एवढ्या वेळा एवढ्या लोकांचा संघ गेला, पण एकदाही प्रेक्षकांना विचारून गेला नाही. हर्शमनच्या सिद्धांतात सोडून जाणारा गिऱ्हाईक असतो. येथे प्रेक्षक जागेवर राहिला आणि मालक सोडून गेला. ज्यांचा क्लबच टिकत नाही त्यांनी तिकिटाच्या दरावर बोलणी कोणाशी करायची?

महाराष्ट्राला तिकिटांचे भांडण मात्र नवे नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, आणि कसोटी सामन्यांच्या वेळी मुंबई क्रिकेट असोसिएशनला त्यातल्या किती जागा मिळाव्यात यावर वर्षानुवर्षे तंटा चाले. अखेर असोसिएशनचे प्रमुख आणि त्या वेळचे विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना तेथे झाला. या तंट्यात एका बाजूला एक प्रतिष्ठित क्लब होता, दुसऱ्या बाजूला एक प्रतिष्ठित संघटना. जागांचा कोटा कोणाच्या हाती, एवढाच वाद होता. सामान्य प्रेक्षक त्या मेजावर नव्हताच. पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर त्याचे अभिनंदन करायला धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी बदडले आणि प्रेक्षागारात दंगल उसळली. स्टेडियम नवे होते, पण प्रेक्षकाकडे पाहण्याची दृष्टी जुनीच होती.

ती आजही फारशी बदललेली नाही. गहुंजे येथे २४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, माथ्यावर छप्पर नसलेल्या बाकांवर ऑक्टोबरच्या उन्हात बसलेल्या हजारो लोकांना प्यायला पाणी मिळेना. लोकांनी घोषणा दिल्या, तेव्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने माफी मागितली आणि पाणी मोफत देण्याचे जाहीर केले. घोषणांनी पाणी मिळाले, पण घोषणा त्या दिवशीच विरल्या. सावलीचे, स्वच्छतागृहांचे, परतीच्या बसचे काय, हे दुसऱ्या दिवशी विचारायला कोणी नव्हते. बेपर्वाईची किंमत कधी याहून भयंकर असते. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ माणसे मेली. प्रवेश मोफत आहे की पासाने, हेच लोकांना नीट कळलेले नव्हते.

यावर उपाय म्हणून काही परकीय कल्पना आणाव्या लागतील, असे नाही. केरळ ब्लास्टर्सच्या 'मंजप्पडा' या पाठीराख्यांच्या संघटनेने २०२४ च्या डिसेंबरात व्यवस्थापनाकडून तिकिटे घेऊन विकण्याचे थांबवले. पुढच्याच महिन्यात क्लबने पाठीराख्यांचे सल्लागार मंडळ नेमण्याचे जाहीर केले. सल्लागार मंडळ म्हणजे वाटाघाटीचा हक्क नव्हे, हे मान्य. पण तिकीट विकत न घेणे हाही संप असतो, हे तेथे सिद्ध झाले. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. पेठांच्या ईर्षेतून हाणामाऱ्या होतात, त्यांचे समर्थन करता येणार नाही. परंतु उद्या कोणी पाटाकडील तालमीचा संघ उचलून हैदराबादला नेईल, ही कल्पनाच शाहू स्टेडियमवर हास्यास्पद ठरेल, कारण तो संघ लोकांच्या मालकीचा आहे.

आणि आळंदीत राहणाऱ्याला आणखी जवळचे उदाहरण ठाऊक असते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात दिंडी हे घटक मानले आहे. दिंडीला क्रमांक असतो, जागा असते, मान असतो. मुक्कामाच्या समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सारा समाज शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो, आणि मगच आरती पुढे चालते. गर्दी लाखोंची असली तरी तक्रारीला वाट आहे, कारण माणसे दिंडीने बांधलेली आहेत. उलट ११ जून २०२३ रोजी प्रस्थानाच्या दिवशी दिंड्यांना ठरावीक पास दिले गेले आणि बाहेर राहिलेल्या तरुण वारकऱ्यांची मंदिराच्या दाराशी पोलिसांशी झटापट झाली. जागा अपुरी असते हे खरे. पण अपुऱ्या जागेची वाटणी ज्यांच्याशी बोलून होत नाही, ते दाराशीच भांडणार.

बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ म्हणतील की, तिकीट स्वस्त केले तर काळाबाजार करणाऱ्यांचे फावेल. याला उत्तर असे की, काळाबाजार स्वस्ताईपेक्षा अंधारात अधिक पोसला जातो. एकूण जागा किती, प्रायोजकांना व पाहुण्यांना फुकट पास किती, प्रत्यक्ष विक्रीस किती, हे आकडे जाहीर करा. तिकीट नावावर द्या आणि परत करायचे तर मूळ किमतीतच परत घ्या. मग पाहू किती काळाबाजार उरतो. सरकारच्या करधोरणातही एक सोय आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटांवरील कर २८ वरून ४० टक्के झाला, पण मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त आहे. तेव्हा स्वस्त तिकिटांचा ठरावीक हिस्सा मागणे अव्यवहार्य मुळीच नाही.

कार्यकर्त्यांनी करायचे काय? चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांतील कंत्राटी मुले सुटीच्या दिवशी एकमेकांच्या खोलीवर जमून सामने पाहतात. त्यांच्यातूनच प्रेक्षक संघ उभे राहू शकतात. संस्था नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंदणी व्हावी, वर्गणी व हिशेब चोख असावेत, दरवर्षी निवडणूक व्हावी. असे न केल्यास हे संघ एखाद्या पुढाऱ्याच्या फलकावर नाव घालण्यापुरते किंवा पास वाटण्यापुरते उरतील. मैदानावरील सफाई व पहाऱ्याचे कंत्राटी कामगार हे त्यांचे स्वाभाविक मित्र आहेत. स्वस्त तिकिटाचा बोजा त्यांच्या मजुरीवर पडू नये, हे पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे.

आणि एक मागणी आपण पक्ष म्हणून आत्ताच केली पाहिजे. बालेवाडीसारखे सार्वजनिक पैशाने बांधलेले मैदान कोणत्याही व्यावसायिक क्लबला भाड्याने देताना सरकारने करारात तीन अटी घालाव्यात: नोंदणीकृत प्रेक्षक संघाशी दर मोसमापूर्वी तिकीटदरांवर बोलणी, ५०० रुपयांखालील तिकिटांचा निश्चित हिस्सा, आणि क्लब बंद करण्यापूर्वी वा हलवण्यापूर्वी प्रेक्षकांना एका मोसमाची पूर्वसूचना. जर्मनीत १९९८ पासून क्लबमधील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे, आणि तेथील प्रेक्षकांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून लीगमध्ये बाहेरचे भांडवल आणण्याचा बेत हाणून पाडला. आपण अजून इतके मागत नाही. मैदान जनतेचे असेल तर ते वापरणाऱ्याने जनतेशी बोलावे, एवढेच मागतो. पुढचा क्लब बालेवाडीत येईल तेव्हा त्याच्या पहिल्या पत्रकार परिषदेच्या आधी आपले निवेदन क्रीडामंत्र्यांच्या मेजावर असले पाहिजे.