जांगडीची वही

निकाहला एकदाच घातलेला शरारा नंतर वर्षानुवर्षे पेटीत पडून असतो. असे कपडे ठेवून घ्यायचे, विकून द्यायचे आणि त्यातून आपला हिस्सा घ्यायचा, असा धंदा काही भगिनी घरातूनच करतात. मालात पैसा गुंतत नाही म्हणून तो सोपा वाटतो. आम्हाला तो त्याच कारणाने अवघड वाटतो. दुकानातला एकही कपडा आपला नसतो, सगळी अमानत.

व्यापारात यासाठी जुना शब्द आहे, जांगड. माल विकला तर पैसे, नाहीतर माल परत. त्याची वही पहिल्या दिवसापासून असावी. डाग, उसवलेली शिवण, गळालेली टिकली मालकिणीसमोरच लिहून दोघींनी सही करावी. (मालकीण मैत्रीण असेल तर आधी करावी!) मुदत 90 दिवसांची ठरली, तर 45 दिवसांनंतर किंमत किती उतरवायची तेही तेव्हाच लिहावे. शरारा 8,000 रुपयांना गेला आणि दुकानाचा हिस्सा 40 टक्के असला, तर 3,200 आपले. उरलेले 4,800 गल्ल्यात मिसळू नयेत. ड्रायक्लीनिंगचा खर्च कोणाचा, एवढे न ठरल्याने नात्यातली बोलणी बंद झालेली आम्ही पाहिली आहेत.

जरदोजीचे जड कपडे टांगू नयेत, वजनाने कापड ताणते. मलमलमध्ये गुंडाळून आडवे ठेवावेत. जरीवर अत्तर नको.

हंगाम गेल्या वर्षीची तारीख बघून धरू नये. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते. आपल्याकडे ईदुल फित्र 2024 मध्ये 11 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. रमजानात लग्ने जवळजवळ थांबतात आणि शव्वालात एकदम सुरू होतात. म्हणून कपडे शाबानमध्येच गोळा करावेत.

जाहिरातीबद्दल सगळ्या विचारतात, गिऱ्हाईक कसे आणायचे? आमचे म्हणणे, आधी कपडा आणून देणारी सांभाळा. हा शरारा कोणाचा, असे कोणी विचारले तर नाव सांगू नये. चिठ्ठीवर वहीतला क्रमांक पुरे. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला वधूचा फोटो मुळीच नको, कपडा चादरीवर पसरून फोटो काढावा. तरीही मोहल्ल्यात कशिद्यावरून कपडा ओळखतात. त्यामुळे मालकिणीची परवानगी घेऊन भिवंडीचा कपडा मुंब्र्यात विकावा, मुंब्र्याचा भिवंडीत.