डिस्चार्जनंतरचे वर्षही उपचारात धरा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गर्द, एमडी यांच्या व्यसनातून उपचार घेऊन बाहेर पडलेले आम्ही आणि आमच्या घरची माणसे, अशांची ही संघटना. दरवर्षी २६ जूनला व्यसनविरोधी फेऱ्या निघतात. त्या निघोत, फेरी बघून कुणाची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, उतरल्याचे मात्र आम्ही पाहिलेले नाही.

आमची मुख्य मागणी पाठपुराव्याची आहे. गर्दुल्ल्याची टर्की साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. तलफ महिनोन्‌महिने छळते. मधल्या काळात शरीराची नशा पेलण्याची ताकद घटलेली असते. घरी परतलेल्याने जुन्याच मात्रेने गर्द ओढली तर श्वास बंद पडू शकतो. म्हणजे सर्वांत धोक्याचे दिवस डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच विचारणारे कुणी नसते. प्रत्येक रुग्णामागे किमान वर्षभर एक ठरलेला समुपदेशक हवा. घरच्यांना अशा वेळी श्वास परत आणणारे नॅलोक्सोन मिळावे, ते द्यायचे कसे हे शिकवावे. स्लिप झालेल्याला पुन्हा दाखल करून घेताना टोमणे नकोत.

बुप्रेनॉर्फिनची गोळी जिल्हा रुग्णालयात कामाच्या वेळेआधी मिळावी. रोजंदारीवरचा माणूस दहा वाजता रांगेत उभा राहिला तर त्याचा खाडा होतो, मग तो गोळी सोडतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा आक्षेप आम्हाला पटत नाही: डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या गोळीने तलफ आवरते, माणूस कामावर टिकतो. एमडीवर अशी पर्यायी गोळी नाही. तिथे सारी भिस्त समुपदेशनावर, म्हणून समुपदेशकांचे एकही पद रिकामे राहू नये.

एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ६४-अ नुसार, अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते; उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. ही माहिती आरोपीला पोलीस ठाण्यातच लेखी द्यावी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला साखळीने बांधायला मनाई करतो. तरी ‘सुधारण्या’साठी मारझोड करणारी, घरच्यांना भेटू न देणारी खासगी केंद्रे आमच्यातल्या काहींनी भोगली आहेत. अशा केंद्रांची अचानक तपासणी व्हावी, अहवाल जाहीर व्हावेत. स्त्रियांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र खाटा असाव्यात.

या मागण्यांवर एका महिन्यात बैठक बोलवावी आणि उपचार घेतलेल्या किमान दोघांना तिथे बोलू द्यावे.

आपले,
संघटनेचे सभासद