संत्र्याची साल आणि चाळीस मार्क

मंडळी, या जानेवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा ‘सर’ झालो. फक्त दोन दिवसांसाठी. आणि त्यातला पहिला दिवस मी चांगलाच वाया घालवला.

झालं असं की पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून परतवाड्याला उतरलो, तिथून अचलपूरला घरी. पोहे संपायच्या आत मामी आली. "बाप्पू, फेब्रुवारीत बारावी हाय पोट्ट्याची. तू इंजिनेर ना? घे ना गणिताचा एखादा पेपर." ‘पोट्टा’ एकच होता, पण बातमी गल्लीभर गेली आणि संध्याकाळपर्यंत बारा जणांची नावं आली. फक्त कॅल्क्युलस घ्यायचं ठरलं, कारण सगळे अडतात ते तिथेच. (मी पण अडलो होतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-टू राहिला होता माझा. घरी अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाही!)

पेपर काढणं सोपं असतं असं मला वाटायचं. पुस्तकाचा दुसरा भाग उघडायचा आणि पंधरा गणितं उचलायची. पण बोर्ड आणि सीईटी ही दोन वेगळी जनावरं आहेत. बोर्डाचा पेपर ८० मार्कांचा, तीन तासांचा, स्टेप्सना मार्क. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद, आणि स्टेप्स कोणी बघतच नाही. मी ४० मार्कांचा मधला रस्ता काढला. मग घड्याळ लावून स्वतः सोडवला, तर सव्वा तास लागला! पोरांना वेळ दिला होता दीड तास. शिकवणाऱ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट शिकणाऱ्याला द्यावा, असं आमचे एक जुने सर सांगायचे. म्हणून छाटत छाटत माझी अर्ध्या तासावर आणला. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर टेस्ट केस लिहिण्यासारखंच आहे हे. एका प्रश्नाने एकच गोष्ट तपासावी, म्हणजे चुकलं तर नेमकं काय चुकलं ते कळतं.

दोन प्रश्न मुद्दाम घातले. पहिला, मॉड एक्सचं उणे एक ते एक या मर्यादेत इंटिग्रेशन. दुसरा आपल्या मातीतला. संत्र्याची त्रिज्या महिन्याला अर्धा सेंटीमीटर वाढते, तर त्रिज्या ३ सेंटीमीटर असताना घनफळ कोणत्या वेगाने वाढत असेल? (पुस्तकात असल्या गणितात साबणाचा फुगा असतो. आमच्याकडे फुग्यापेक्षा संत्री जास्त.)

शनिवारी दुपारी मामाच्या वरच्या खोलीत सतरंजीवर बारा जण बसले. झेरॉक्स वाटल्या, मोबाईल टोपलीत जमा केले. दहाव्या मिनिटाला पहिली तक्रार आली, "दादा, संत्र्याचं पुस्तकात नाही हाय." मी म्हटलं, झाडावर आहे, सोडव.

रात्री तपासले. मॉड एक्सचं उत्तर बारापैकी नऊ जणांनी शून्य लिहिलं होतं. सूत्र बरोबर, मर्यादा बरोबर, फक्त चित्र कोणीच काढलं नव्हतं. काढलं असतं तर दोन त्रिकोण दिसले असते, प्रत्येकाचं क्षेत्रफळ अर्धा, बेरीज एक. विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, "दादा, इथं ग्राफ काढाचा रायते का?"

आता माझी चूक. सवयीप्रमाणे मार्क एक्सेलमध्ये भरले, उतरत्या क्रमाने लावले आणि पालकांनी मागितले म्हणून ग्रुपवर टाकून दिले. बारा नावं, बारा आकडे. पहिला ३३, शेवटची १४. झोपलो.

रविवारी पेपर समजावून सांगायचा होता. नऊच जण आले. न आलेले तिघे कोण, हे तुम्हाला सांगायला नकोच.

संध्याकाळी मामीला घेऊन त्या १४ वालीच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "थे म्हणते, मले नाही जमत गणित." कारण विचारलं तर मुलीनेच सांगितलं, की क्लासमध्ये दर सराव परीक्षेनंतर बॅच बदलतात, ती ‘सी’मध्ये आहे, आणि चांगले सर ‘ए’ला शिकवतात. माझी यादी म्हणजे तिच्यासाठी आणखी एक सी बॅच.

मी तिचा पेपर पुन्हा उघडला. संत्र्याच्या प्रश्नाला मी चारपैकी एक दिला होता, शेरा ‘डेरिव्हेटिव्ह कुठे?’. तिने एक गोल काढला होता, त्यावर पातळ साल, आणि लिहिलं होतं: साल ३६ पाय, गुणिले अर्धा, १८ पाय. उत्तर बरोबर होतं. मला वाटलं होतं शेजारच्याचं बघून लिहिलंय. ती म्हणाली, "दादा, संत्र बाहेरूनच वाढते ना? मंग जेवढी साल, तेवढी वाढ." मी दहा वर्षं चार पाय आर वर्ग पाठ म्हणतोय, पण घनफळाचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे साल, हे मला असं कोणी दाखवलं नव्हतं. पुढे तिनेच विचारलं, "मंग महिन्यानं खरंच १८ पायच वाढन का?"

नाही वाढणार. त्रिज्या साडेतीन झाल्यावर वाढ २१ पायच्या थोडी वर भरते, कारण तोवर सालही मोठी झालेली असते. १८ हा त्या क्षणाचा वेग. अख्खा कॅल्क्युलस त्या प्रश्नात आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची ‘तात्कालिक गती’ मांडली, ती हीच क्षणाची गोष्ट. गोलाचं पृष्ठफळ समजावताना त्यांनी आवळ्यावरच्या रेघांसारखे काप कल्पिले होते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेखच आहे. आवळा चालतो, तर संत्रं का नाही?

मला रँक लावण्यावर सरसकट राग नाही. सीईटी पर्सेंटाईल देणारच, जागा मोजक्याच आहेत. पण ती खरी परीक्षा. सराव परीक्षा कुठे अडतंय ते सापडण्यासाठी असते. तिच्यावरून बॅच ठरायला लागल्या की पोरं न येणाऱ्या गोष्टी लपवायला शिकतात. आपण तरी बग सापडला म्हणून टेस्टरला घरी पाठवतो का? आणि ज्याला सगळ्यात जास्त अडतंय त्यालाच चांगला शिक्षक नाही, हा कुठला हिशोब?

म्हणून तुमच्यापैकी कोणी गावी जाऊन असा पेपर घेणार असेल (घ्याच!), तर मार्क ज्याचे त्यालाच सांगा. दुसऱ्या दिवसाशिवाय पेपर घेऊ नका, आणि त्या दिवशी शेवटून सुरुवात करा.

तिला मी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली, की बोर्ड स्टेप्स मागणार, तेव्हा सालीच्या चित्राखाली डीव्ही बाय डीटी लिहायचंच. तासभर तेवढंच केलं. मग ग्रुपवरची यादी काढली आणि सगळ्यांची माफी मागितली. उरलेले दोघे मात्र त्या दिवशी भेटले नाहीत, बस सुटायची वेळ झाली होती. त्यांचे पेपर माझ्या बॅगेतच पुण्याला आलेत. पुढच्या शनिवारी परत जातोय.