प्रेशर आलं का?

शनिवारी सकाळी ११ वाजता मी सोनोग्राफी सेंटरमध्ये. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर डेडलाइन आणि शेजारी ७ वर्षांची भाची, हातात पाण्याची बाटली घेऊन.

‘मावशी, अजून किती प्यायचं?’

‘प्रेशर येईपर्यंत!’

महिन्यापूर्वी तिला आंघोळ घालताना ताईच्या हाताला तिच्या छातीत बारीकशी गाठ लागली. झालं! घरभर टेन्शन. कुणी चिकनला दोष दिला, कुणी टीव्हीला. डॉक्टर मात्र एकदम कूल. म्हणाले, मुलींमध्ये ८ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली, तर तपासायचं. कधी नुसती तेवढीच वाढ होते आणि थांबते. कधी मात्र मुलगी खरंच लवकर वयात येत असते. मग हाडं लवकर पक्की होतात आणि उंची आधीच थांबू शकते. म्हणून डाव्या हाताचा एक्स-रे, हार्मोन्ससाठी रक्त आणि ही सोनोग्राफी.

लहानपणी गर्भाशय नळीसारखं असतं. वयात येताना ते लांबतं, वरचा भाग फुगतो, अंडाशयंही मोठी होतात. ब्लॅडर भरलेलं असलं की हे सगळं पोटावरूनच स्वच्छ दिसतं. रेडिएशन नाही, सुई नाही. पण नुसत्या सोनोग्राफीवर निकाल लागत नाही. बाकीचे रिपोर्ट शेजारी ठेवूनच डॉक्टर ठरवतात.

हे सगळं मला माहीत होतं. भाचीला? तिने भिंतीवरची पाटी अक्षरं जुळवत वाचली, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ मग हळूच विचारलं, ‘गर्भ म्हणजे बाळ ना? माझ्या पोटात बाळ आहे?’

ताई मोबाइलमध्ये घुसली. मी लॅपटॉप मिटला.

‘नाही गं वेडे. मोठं व्हायची प्रत्येकाची एक वेळ असते. तुझ्या शरीराने जरा घाई केलीय का, एवढंच बघायचंय. पोटाला गार जेल लावतील, बस्स.’

‘एवढंच? मग घरी सगळे माझ्याबद्दल हळू आवाजात का बोलतात?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिनाभर आम्ही गुगल केलं, डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले. जिचं शरीर, तिला सांगायचं राहूनच गेलं.

रिपोर्ट वयाप्रमाणे नॉर्मल आला, हार्मोन्स आणि एक्स-रेही. डॉक्टर म्हणाले, सध्या औषध नको, काही महिन्यांनी पुन्हा बघू. पुढच्या वेळी कशासाठी जायचंय, ते तिला आधी सांगायचं, हे आम्ही दोघींनी रिक्षातच ठरवलं.

आणि हो, मोठ्या आवाजात!