बोगदा उघडा, पण गाडी पोचेना!

दोस्तांनो, आधी शिक्षा आणि मग चौकशी, असा उलटा न्याय तुमच्या वाट्याला कधी आलाय? आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका नववीतल्या मित्राच्या वाट्याला नुकताच आला. सोमवारी रात्री नऊच्या सुमाराला तो माझ्या दारात उभा. चेहरा असा की आता रडेल की मग!

"काका, बाबा म्हणतायत माझ्या गेममुळे आईचं ऑफिस बंद पडलं. उद्यापासून माझा कॉम्प्युटर कपाटात!"

"अरे, तुझ्या गेमनं ऑफिस कसं बंद पडेल? चल, बघू या."

खाली गेलो तर घरात तणातणी. आई एका कंपनीत हिशेब बघते. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करते. महिनाअखेर होती. सगळ्यांच्या पगाराचा तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जायचा होता आणि तो होता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. इथून तो उघडेचना!

"काका, गंमत म्हणजे व्हीपीएन जोडलं गेलंय असं दिसतंय बघा," आई म्हणाली. "हिरवी खूण आहे. पण फाईल उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं."

"रात्रंदिवस गेम चालल्यावर दुसरं काय होणार!" बाबा कोपऱ्यातून गरजले.

हे व्हीपीएन म्हणजे काय बुवा?

पुढं जाण्याआधी हे समजून घेऊ. व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. सोप्या भाषेत, सार्वजनिक रस्त्याखालून काढलेला खाजगी बोगदा.

समजा, तुम्हाला ऑफिसातल्या कुणाला तरी गुप्त पत्र पाठवायचंय. तुम्ही पत्र लिहून पाकिटात घातलंत, त्यावर आतला पत्ता लिहिलात आणि ते पाकीट कुलूपबंद केलंत. मग ते सगळं एका मोठ्या पाकिटात घातलंत आणि त्यावर ऑफिसच्या मुख्य फाटकाचा पत्ता लिहिलात. वाटेत पोस्टमनला फक्त बाहेरचा पत्ता दिसतो. फाटकावर मोठं पाकीट उघडतं, कुलूप निघतं आणि आतलं पत्र योग्य टेबलावर पोचतं. इंटरनेटवर हेच काम व्हीपीएन करतं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ऑफिसं घरात आली, तेव्हापासून हा शब्द बऱ्याच घरांत ऐकू यायला लागला.

आता घरातला राऊटर. तो म्हणजे आपल्या बिल्डिंगचा वॉचमन. बाहेरच्या जगाला वॉचमनचा एकच पत्ता माहीत. आत मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही अशी दहा बिऱ्हाडं. कुणाचं पत्र कुणाला द्यायचं, ते वॉचमन आपल्या वहीत बघून ठरवतो. मग बिघाड कुठं कुठं असू शकतो? लॅपटॉपमध्ये, वॉचमनकडे, बाहेरच्या रस्त्यावर किंवा थेट ऑफिसच्या फाटकावर! म्हणजे संशयित चार. आणि इथं तर चौकशी न करताच पाचव्याला पकडलं होतं.

आधी आरोपीची झडती

मी म्हटलं, "एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि केलं ते वहीत लिहायचं." आमचा मित्र वही घेऊन बसला.

पहिली परीक्षा: साधं इंटरनेट चालतंय का? चालत होतं. बातम्या उघडल्या, व्हिडिओ चालला. म्हणजे बाहेरचा रस्ता मोकळा.

दुसरी परीक्षा: गेमचा कॉम्प्युटर पूर्ण बंद. वायरसुद्धा काढली. आईनं व्हीपीएन तोडून पुन्हा जोडलं. हिरवी खूण आली, पण फाईल नाहीच!

"बघा बाबा!" मित्र ओरडला.

"खेळून खेळून आधीच बिघडवलंस. आता बंद करून काय उपयोग?" बाबा काही हटेनात.

तिसरी परीक्षा: आईच्या आयफोनचा हॉटस्पॉट सुरू केला आणि घरचं वायफाय सोडून लॅपटॉप त्याला जोडला. लॅपटॉप तोच, पासवर्ड तोच, ऑफिस तेच. बदलला तो फक्त वॉचमन आणि त्याचा रस्ता. आणि काय आश्चर्य! पगाराचा तक्ता टकाटक उघडला.

या एका परीक्षेनं किती संशयित सुटले बघा. लॅपटॉप निर्दोष, पासवर्ड निर्दोष, ऑफिसचं फाटक निर्दोष. उरला घरचा राऊटर. मी आईला म्हटलं, "वहिनी, तुम्ही आधी हॉटस्पॉटवर काम उरकून घ्या. लोकांचे पगार महत्त्वाचे. दुरुस्ती मागाहून." बिघाड शोधण्याच्या नादात मुख्य काम राहून जाऊ नये, हासुद्धा दुरुस्तीचाच धडा आहे, बरं का!

मग बदललं काय?

परवापर्यंत चालणारी गोष्ट आज बंद पडली तर एकच प्रश्न विचारायचा: मधल्या काळात काय बदललं?

"काहीच नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, काल नवीन राऊटर नाही का लावला!" मित्र म्हणाला.

अरेच्चा! शनिवारी जुना राऊटर जळला होता आणि रविवारी बाबांनीच माणूस बोलावून नवा बसवून घेतला होता. जुना अजून माळ्यावर होता. तो खाली काढला. त्याच्या पाठीवरच्या लेबलावर आकडे होते १९२.१६८.०.१. नव्याच्या पाठीवर १९२.१६८.१.१. फरक फक्त तिसऱ्या आकड्याचा. शून्याच्या जागी एक.

आईनं ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात फोन करून विचारलं, "आपल्या फाईलींच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता काय हो?" उत्तर आलं, १९२.१६८.१.२०.

मित्रानं वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, ऑफिसचे आणि नव्या राऊटरचे पहिले तीन आकडे सारखेच आहेत!"

शाब्बास! चोर सापडला.

प्रत्येक गावातला शिवाजी चौक

आता सांगा, तुमच्या गावात शिवाजी चौक आहे का? असणारच! शेजारच्या गावातही असेल. समजा तुम्ही साताऱ्यात राहता आणि पाकिटावर नुसतं लिहिलंत, 'घर नं. २०, शिवाजी चौक'. गावाचं नाव नाही. साताऱ्याचा पोस्टमन ते कुठं टाकेल? साताऱ्यातल्याच शिवाजी चौकात! तुमच्या मनात कोल्हापूर असलं तरी त्या बिचाऱ्याला काय कळणार?

आईच्या लॅपटॉपचं अगदी हेच झालं. त्याला घरी पत्ता मिळाला होता १९२.१६८.१.५. ऑफिसचा कॉम्प्युटर होता १९२.१६८.१.२०. लॅपटॉप म्हणाला, 'अरे, हा तर माझ्याच गल्लीतला! याला बोगद्यातून कशाला पाठवू?' आणि तो घरातच २० नंबरचं बिऱ्हाड शोधत बसला. घरात २० नंबर नाहीच, मग उत्तर कोण देणार? बोगदा खरंच उघडा होता, हिरवी खूण खोटं बोलत नव्हती. पण गाडी बोगद्याकडे वळलीच नाही!

हॉटस्पॉटवर का चाललं? कारण फोननं लॅपटॉपला पत्ता दिला होता १७२.२०.१०.२. गल्ली वेगळी, म्हणून गोंधळ नाही.

तुम्ही विचाराल, जगात दोघांचे पत्ते सारखे असतातच कसे? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते आहेत ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. आकडा मोठा वाटतो ना? पण जगाची लोकसंख्या याहून जास्त आहे! म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत. १९९६ च्या 'आरएफसी १९१८' नावाच्या नियमपत्रात त्यांचे तीन गट दिलेत: १० नं सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ नं सुरू होणारे आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे कुणीही आपल्या घरात किंवा ऑफिसात वापरावेत. बाहेरच्या रस्त्यावर ते चालत नाहीत, म्हणून दोन घरांत सारखे असले तरी एरवी भांडण होत नाही. भांडण होतं ते दोन घरं बोगद्यानं जोडली की!

१९२.१६८ च्या गटात तिसरा आकडा ० ते २५५ पैकी कुठलाही घेता येतो. म्हणजे २५६ गल्ल्या! पण बरेचसे राऊटर कारखान्यातून येतानाच ० किंवा १ घेऊन येतात.

पाच मिनिटांची दुरुस्ती

साडेदहाला आईचं काम संपलं. आता ऑफिसला तर त्यांची गल्ली बदला असं सांगता येत नाही. तिथं सगळ्या कॉम्प्युटरांचे पत्ते बदलावे लागतील. मग आपलीच बदलायची! बाबांना शेजारी बसवून राऊटरचं पान उघडलं. मूळ आकडे आधी वहीत उतरवले. घरच्या जाळ्याच्या पत्त्यात १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.५७.१ लिहिलं. घरातल्यांना वाटायचे पत्तेही ५७ च्या गल्लीतलेच आहेत ना, हे तपासलं. मग ते साठवून राऊटर पुन्हा सुरू केला, वायफाय पुन्हा जोडलं. हिरवी खूण आली आणि फाईल उघडली!

एक गोष्ट मात्र मी विसरलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रिंटर रुसला. त्याला कुणीतरी जुन्या गल्लीतला पक्का पत्ता देऊन ठेवला होता. तोही बदलावा लागला. चुकतं माणूस!

वहीत लिहून ठेवा

व्हीपीएनचं प्रत्येक दुखणं हेच नसतं. लक्षणं बघून रोग ओळखायचा:

१. व्हीपीएन जोडलंच जात नाही: आधी लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीख बघा. तारीख चुकली तर सुरक्षेचं प्रमाणपत्र 'मुदत संपलेलं' वाटतं. मग पासवर्ड तपासा. पीपीटीपीसारख्या जुन्या पद्धतीचं व्हीपीएन काही राऊटर पुढं जाऊ देत नाहीत. राऊटरमध्ये 'पासथ्रू' नावाची सोय असेल तर ती चालू आहे का, ते बघा.

२. जोडलं जातं, बारीकसारीक कामं होतात, पण मोठी फाईल अडकते: पाकीट जाड झालंय! इंटरनेटवरचं एक पाकीट साधारण १५०० बाइटांचं असतं. 'पीपीपीओई' पद्धतीच्या ब्रॉडबँडवर त्यातले ८ बाइट जातात आणि १४९२ उरतात. त्यावर बोगद्याचं आवरण चढलं की पाकीट फटीत मावत नाही. 'एमटीयू' कमी करून द्या, असं ऑफिसच्या माणसाला सांगा.

३. जोडलं जातं आणि थोड्या थोड्या वेळानं तुटतं: लॅपटॉप वायफायऐवजी वायरनं राऊटरला जोडून बघा. वायरवर टिकलं तर दोष वायफायचा.

४. हिरवी खूण आहे, पण ऑफिसातलं काहीच उघडत नाही: शिवाजी चौक आठवा!

पालकांसाठी दोन शब्द

ऑफिसच्या लॅपटॉपमधलं काही स्वतः बदलू नका, ऑफिसला विचारा. राऊटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी खुपसू नका. तिथं रीसेटचं बटण असतं. ते दाबून धरलं की ब्रॉडबँडचं नाव आणि पासवर्डही पुसला जाऊ शकतो, मग साधं इंटरनेटही जातं. 'चालत नाही ना, मग फायरवॉलच बंद करू' हा तर दाराचं कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून टाकण्याचा प्रकार!

आणि निकाल?

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे राऊटर मी लावला आणि ओरडा याला बसला."

"हो ना!" मित्र म्हणाला.

"बरं, कॉम्प्युटर राहू दे बाहेर. पण रोज आधी गणित, मग गेम. कबूल?"

"कबूल!"

दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. आईबाबांना विचारून तुमच्या राऊटरच्या पाठीवरचं लेबल वाचा आणि तो पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पासवर्ड मात्र लिहू नका हं! घरात कुणी व्हीपीएन वापरत असेल तर ऑफिसची गल्ली कुठली, तेही विचारून ठेवा. आणि पुढच्या वेळी घरात काही बंद पडलं आणि कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर रडू नका, चिडू नका. शांतपणे विचारा, "मधल्या काळात काय बदललं?"