बेगमी गोव्याची आणि हंगेरीची

एप्रिल-मे महिना आला की आपल्याकडे गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळू लागतात. त्याच दिवसांत गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत आणखी एका पदार्थाची भर पडते. तो म्हणजे डुकराच्या मांसाची चोरिस. पावसाळ्याच्या या बेगमीला तिथे 'पुरुमेंत' म्हणतात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चजवळ भरणारी 'पुरुमेंताचे फेस्त' ही जत्रा त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

चोरिस करण्यासाठी मांसाचे व चरबीचे बारीक तुकडे मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवतात. मिठाने पाणी सुटते. मग लाल मिरची, लसूण, आले, मिरी, हळद, लवंग, दालचिनी हे सारे माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटून तुकड्यांना चोळतात. मसाला मुरला की स्वच्छ केलेल्या आतड्यात ते भरून दोऱ्याने मण्यांसारख्या गाठी मारतात आणि या माळा उन्हात वाळवून चुलीवर धुरात टांगतात. लोणच्याचेच हे तंत्र : मीठ, आंबट आणि कोरडेपणा असला की जिन्नस टिकतो.

दूर हंगेरीतल्या खेड्यांत हेच काम कडाक्याच्या थंडीत होते, कारण तिथे मांस टिकवायला हवाच मदत करते. पहाटे शेजारी-नातलग जमतात, फळांच्या कडक दारूचा घोट घेतात. कापलेल्या डुकराचे केस पेंढ्याच्या जाळावर भाजून काढतात. पुरुष मांस कापतात, बायका आतडी धुतात. रक्त, यकृत, चरबी, काहीच वाया जात नाही. संध्याकाळी सर्वांचे जेवण होते आणि शेजाऱ्यांकडे 'चव' म्हणून वाटा जातो. सॉसेज लाल होते ते तिथल्या पाप्रिकाने. गंमत म्हणजे मिरची दोन्हीकडची पाहुणीच. गोव्यात ती पोर्तुगिजांनी आणली, हंगेरीत ती तुर्कांच्या काळात पोहोचली. दोघींचे माहेर मात्र अमेरिका!

एक सावधगिरी हवीच. मीठ आणि धूर यांनी मांसातले पट्टकृमीचे जंतू मरतीलच असे नाही. मांस तपासलेले घ्यावे आणि आतपर्यंत शिजवावे. गुलाबीपणा राहता कामा नये. पोटात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट्स येऊ शकतात. डुकराचे मांस कधीही न खाणाराही यातून सुटत नाही. म्हणून शौचालय, साबण आणि स्वच्छ धुतलेली कोथिंबीर यांची काळजी शाकाहारी घरानेही घ्यायलाच हवी.