यंत्रांशी गट्टी : डब्याएवढा पीसी का रुसतो?

दोस्तांनो, या आठवड्यात डोंबिवलीच्या एका नववीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "आमच्याकडे जेवणाच्या डब्याएवढा छोटा पीसी आहे. तो मधूनच गोठतो. माऊस हलत नाही. कधी पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात आणि मग सगळं थिजतं. ताईचा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना दोनदा असं झालं. दुकानदारकाका म्हणाले, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. बाबा म्हणतात, या महिन्यात जमणार नाही. काय करू?"

थांबा! मदरबोर्ड गेला, हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. आधी हवी एक वही. हसताय? ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेत चक्क एक पाखरू अडकलेलं सापडलं. तिथल्या मंडळींनी ते चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवलं आणि शेजारी वेळ, पॅनेल आणि रिलेचा क्रमांकही लिहून ठेवला. ते पान आजही जपून ठेवलेलं आहे. (आपल्याकडे पाखराऐवजी झुरळ नाहीतर मुंग्या निघतील, एवढाच फरक!)

तुम्हीही तसंच लिहा. तारीख, वेळ, पीसी किती वेळ चालू होता, त्यावर काय चाललं होतं, मधे दिवे लुकलुकले का. चार-पाच नोंदी झाल्या की वही बोलायला लागते.

गेम किंवा व्हिडिओ चालू असतानाच गोठत असेल, तर पहिला संशय उष्णतेचा. एवढ्याशा डबीत सगळं कोंबलेलं, पंखाही इवलासा. त्यात कल्याण-डोंबिवली समुद्रापासून आत, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. खोलीतली हवाच ३५ अंश असेल तर पंखा बिचारा गार हवा आणणार कुठून? प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की आपणहून वेग कमी करतो, आणि त्याहून तापला तर बंद पडतो. बरेच जण हा पीसी मॉनिटरच्या पाठीला लावतात किंवा टीव्हीच्या कपाटात कोंबतात. त्याच्या जाळीवर रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामांची धूळ बसली, की झालंच! तो बाहेर मोकळ्या टेबलावर ठेवा, समोर टेबलफॅन लावा आणि दोन दिवस तेच काम करून बघा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशानं आला ते कळणारच नाही.

उलट, कोणी हात लावत नसतानाच गोठत असेल तर? काम नसलं की वीज वाचवायला प्रोसेसर डुलकी घेतो. काही यंत्रांत तो डुलकीतून नीट उठत नाही. अशा वेळी बायोस आणि ड्रायव्हर नवे घालून बघतात. पण बायोस बदलताना मधेच वीज गेली, तर मदरबोर्ड खरोखरच जाऊ शकतो! तेव्हा पावसाळ्यात, वीज लपंडाव खेळत असताना हा उद्योग नको.

आता पट्टे. इथे एक गंमत सांगतो. पट्टे दिसताक्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या मॉनिटरवर किंवा फोनवर उघडा. त्यात पट्टे नसतील, तर दोष बहुधा केबलचा नाहीतर मॉनिटरचा. शेजाऱ्यांची एचडीएमआय केबल तासभर मागून आणा. पट्टे चित्रातही असतील, तर दोष आत आहे.

आमच्या मैत्रिणीच्या पीसीत मात्र पट्टे आणि गोठणं एकदमच येतं, स्क्रीनशॉट घ्यायला सवडच नाही. माझा संशय रॅमवर आहे. का, ते सांगतो. बहुतेक छोट्या पीसींत चित्रासाठी वेगळी मेमरी नसते. प्रोसेसरचं काम आणि पडद्यावरचं चित्र, दोन्ही एकाच रॅममध्ये राहतं. रॅमचा एखादा कोपरा बिघडला की चित्रही फाटतं आणि कामही अडतं. हे तपासायला मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवायचा. एक जरी चूक दाखवली तरी त्या रॅमवर विश्वास ठेवू नका.

चूक दिसली तर आईबाबांना सोबत घेऊन ॲडॅप्टर काढा, झाकण उघडा, रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. दमट हवेनं तिचे संपर्क खराब झाले असतील तर तेवढ्यानंही काम भागतं. मग परीक्षा पुन्हा घ्या. (वॉरंटी शिल्लक असेल तर झाकणाला हात लावू नका. काही पीसींत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा उपाय नाही.) ॲडॅप्टर मात्र कधीच उघडायचा नाही! दुसरा लावून बघायचा तर पिन तीच, व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत.

आणि हो, ताईचा अर्ज तोवर बाबांच्या फोनवरून भरा. परीक्षेचा निकाल लागला की वहीचं ते पान मला पाठवा, आणि दुकानदारकाकांनाही दाखवा.